वळणावरचा नमस्कार

कोरगावातून पेडण्याकडे निघालेला रस्ता काजूच्या डोंगराला वळसा घालताना एका ठिकाणी एकदम डावीकडे मुरडतो. त्या कोपऱ्यावर डाव्या हाताला जांभ्या दगडाची उंच दरड आहे. दरड संपते तिथेच, रस्त्याच्या अगदी कडेला, राखणदाराची घुमटी आहे. राखणदार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा देव. हातात दांडा घेऊन तो गावाभोवती फिरतो, म्हणून दर वर्षी त्याला नव्या वहाणा द्यायची रीत आहे. त्या वहाणा पुढे झिजलेल्या सापडतात असे सांगणारे गावात पुष्कळ आहेत. झिजलेली वहाण स्वतः पाहिलेला माणूस मात्र शोधूनही मिळत नाही.

या घुमटीपुढून जाणारा कोणीही, मग तो स्कूटरवर असो, सायकलवर असो की टॅक्सीत, एक हात उचलून कपाळाला लावतो. मान डावीकडे वळते, डोळे क्षणभर मिटतात, ओठ हलतात. आणि नेमका त्याच क्षणी रस्ताही वळत असतो. ही सवय अंगात इतकी मुरलेली आहे की विचारले तर आपण हात उचलला हेच कित्येकांना आठवत नाही.

सगुणला ते रोज दिसे. वळणाच्या पलीकडे, घुमटीकडे तोंड करून असलेल्या चहाच्या दुकानात सकाळची बैठक असायची त्याची.

सगुणचा जन्म कोरगावातला, पण उमेदीची वर्षे गेली ती डिचोलीत, खनिजाचा टिपर चालवण्यात. लाल धुळीने भुवया माखलेल्या, खिडकीतून बाहेर काढलेल्या कोपराची कातडी रापलेली, अशा माणसांतला तो एक. खाणी बंद पडल्या तेव्हा टिपर घरांपुढे उभे राहिले आणि त्यांच्या चाकांतून गवत वर आले. तो गावी परतला, पेडणे-म्हापसा मार्गावर कोणाची तरी बस चालवू लागला, आणि गुडघ्याने क्लच दाबायला नकार दिला तेव्हा तीही सोडली.

मोठ्या माणसांना रस्त्यावरून जायला शिकवणारे रविवारचे वर्ग नेमके कोणी सुरू केले, याबद्दल गावात एकमत नाही. कोणी पंचायतीचे नाव घेतात, कोणी वाहनचालकांच्या मंडळाचे, कोणी शाळेच्या मास्तरांचे. सगुणला विचारले तर तो म्हणे, "कोणी तरी फळो दिलो, कोणी तरी खडू. रवल्ला ता माज्या गळ्यात इला." उरले होते ते शिकवणे. देवळाच्या मंडपात, सकाळच्या वेळी, वर्षानुवर्षे परवाना खिशात घेऊन हिंडणारी माणसे आणि परवान्याशी कधी संबंधच न आलेले सायकलवाले एकत्र बसत. गावाने या वर्गाला 'म्हाताऱ्यांची बालवाडी' असे नाव ठेवले होते.

मोठ्या माणसाला शिकवणे अवघड, कारण त्याला आधीच सगळे येत असते. पहिल्याच रविवारी शंभू म्हणाला, "तीस वर्षां गाडी चालवतंय मी. माज्या चाकाखाली कोंबडो सुदीक इलो नाय."

शंभू हा गावकर. देवापुढे साऱ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा मान त्याच्या घराकडे. पोटासाठी तो तीनचाकी टेंपो चालवी.

"कोंबडो कसो येतलो?" पुढे बसलेली भाग्यलक्ष्मी म्हणाली. ती अंगणवाडीत कामाला होती आणि चाळिशी उलटल्यावर स्कूटर शिकली होती. "तुजो टेंपो येता तर कोंबडो पयलो रस्तो ओलांडता, मगे परत येता, तरी तू पोचूक नाय."

मंडपात हशा पिकला. शंभूही हसला. वर्ग टिकला तो अशा बोलण्यांवर. रस्त्याच्या नियमांसाठी तिथे कोणी येत होते असे म्हणणे धाडसाचे होईल.

त्या वर्षीचा पावसाळा सरल्यावर सगुणची थोरली बहीण सुमंगला एकदा त्याच्या दारात आली. तिचे घर गावातच, पण ती उगाच येणारी बाई नव्हती. सोप्यावर टेकून तिने पदराने तोंड पुसले.

"सगुण, तुजे भावोजी त्या वळणार डोळे मिटतत."

"सगळेच मिटतत, बाय."

"सगळ्यांका थोडो वेळ लागता. हे अख्खो नमस्कार करतत. एक हात कपाळार, एक हँडलार, आणि सायकल आपल्या मनान जाता. काल मी शंभूच्या टेंपोतसून बघलंय. मागसून टॅक्सी येय होती. माजो जीव हंय इलो." तिने गळ्याशी हात नेला. "तू लोकांक शिकयतंस मां? मगे हेंका शिकय. माजा ते आयकणत नाय. तुजा आयकतले."

तिचा नवरा कृष्णनाथ पासष्टीच्या पुढचा. डोंगरावर त्याची काजूची बाग होती आणि तिथे तो रोज सकाळी सायकलने जाई. वयाने व नात्याने मोठा असूनही तो सगुणला मानत असे. इतके मोठे टिपर चालवलेल्या माणसाला रस्त्यातले कळतच असणार, असा त्याचा सरळ हिशेब होता. सगुणने बोलावले म्हणून तो वर्गाला आला, पहिल्या रांगेत मांडी घालून बसला आणि सगुणने वळणाचा विषय काढताच म्हणाला, "सगुणा, देवाक डोळे उघडे ठेवन नमस्कार करूचो? तो काय पोलीस आसा?"

"मगे करूच नकात, भावोजी. मनातल्या मनात करा."

"मनात केल्लो तेका दिसतलो कसो?"

शंभूनेही होकारार्थी मान हलवली. राखणदाराला न विचारता गेलेल्या माणसाची कशी वाट चुकते, याच्या चार गोष्टी निघाल्या आणि त्या रविवारचा वर्ग त्यातच संपला.

सगुणला त्यानंतर खाणीतली आठवण आली. डिचोलीच्या ज्या खाणीवर तो होता तिथे वजनकाट्याच्या अलीकडे असेच एक देवस्थान होते. भरलेला प्रत्येक टिपर तिथे थांबे. चालक खाली उतरे, उंबऱ्याला हात लावी आणि मग पुढे जाई. त्याच्या इतक्या वर्षांत त्या जागी एकही अपघात झाला नव्हता. देवाचे देवाला मिळे आणि गाडी चालवताना दोन्ही हात गाडीला. कोणालाच काही सोडावे लागत नव्हते. हे आपल्याला आधी कसे सुचले नाही, याचे त्याला नवल वाटले.

पुढच्या रविवारी त्याने ते मांडले. "चालत्या गाडयेर हात उचलूचो नाय. घुमटेकडे थांबूचा, पाय टेकूचो, दोनूय हात जोडूचे. मगेच फुडे जावचा."

सूचना सगळ्यांना आवडली. कृष्णनाथाला तर विशेषच. "एका हाताचो नमस्कार काय खरो न्हयच," तो म्हणाला, जणू हे मत त्याचे पहिल्यापासूनचे होते. मात्र जुनी रीत बदलायची तर देवाच्या कानावर घालायला हवी, असे शंभूने सुचवले. एका सकाळी वर्गातली सारी माणसे घुमटीपुढे जमली. नारळ ठेवला, विडी ठेवली, आणि शंभूने खड्या आवाजात गाऱ्हाणे घातले:

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या पायाकडे तुजी लेकरां जमली हत. आजपासून तुजी लेकरां चालत्या गाडयेर हात उचलूची नाय. तुज्या म्होरे थांबतली, दोनूय हात जोडतली आणि मगेच फुडे जातली. ह्यात काय चूकभूल जाली आसात तर ती पोटात घाल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगुणही म्हणाला.

हिवाळाभर तो चहाच्या दुकानात बसून पाहत राहिला. सगळेच काही थांबत नव्हते. टॅक्सीवाल्यांचे हात पूर्वीसारखेच उठत. पण भाग्यलक्ष्मी थांबे, आणखी काही बाया थांबत, पाववाला पोदेर सायकलवरची टोपली सावरत थांबे. आणि कृष्णनाथ तर एखाद्या विधीसारखा थांबे. सायकल थेट घुमटीपुढे आणी, डावा पाय टेकवी, दोन्ही हात जोडी, डोळे मिटून काही पुटपुटे, आणि निघताना पलीकडे बसलेल्या सगुणकडे पाहून मान हलवी. पाहिलेस ना, अशी ती मान. सुमंगलेने एकदा वाटीभर खतखते, म्हणजे मिश्र भाजी, पाठवले, त्यासोबत निरोप काही नव्हता.

काजूची बोंडे पिकू लागली होती तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी सगुण दुकानात नव्हता, गुडघा धरून घरीच बसला होता. आवाज घरापर्यंत आला नाही, बातमी आली. गावातलाच अमोल विमानतळावर प्रवाशांना सोडायला टॅक्सी घेऊन निघाला होता. दरड ओलांडून वळला तेव्हा घुमटीपुढे कृष्णनाथ उभा होता, हात जोडून. अमोल पळून गेला नाही. प्रवाशांना उतरवून त्याने त्याच गाडीतून कृष्णनाथाला इस्पितळात नेले, आणि संध्याकाळी तिथल्या व्हरांड्यात सगुणपुढे उभा राहून म्हणाला, "काका, माजो हात कपाळार होतो." पोलिसांपुढेही त्याने तेच सांगितले.

कृष्णनाथ वाचला. कंबरेखालचे हाड मोडले होते, मांडीत सळी घालावी लागली. डावा पाय आखूड राहील, सायकल आता नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

गावापुढे मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. धडक देणारा नमस्कार करत होता आणि ज्याला लागले तोही. मग राखणदाराने हे होऊ कसे दिले? शंभूने त्यावर उत्तर शोधले: त्या वेळी देव जागेवर नव्हता, शिवेच्या फेरीला गेला होता. हे उत्तर साऱ्यांना पटले, कारण त्यात कोणालाच दोष लागत नव्हता. सगुणलाही कोणी बोल लावला नाही. उलट दुकानात चहा पुढे करताना लोक म्हणत, "तू काय करतलंस? तू बरा सांगललंस."

सगुण वळणावर गेला, पण दुकानाकडून नव्हे. काठी टेकत तो गावाच्या बाजूने, दरडीच्या कडेकडेने, गाडी येते तसा चालत आला. पुढे भाग्यलक्ष्मीची स्कूटर गेली, दरडीआड गेली, आणि तिचा आवाज बंद झाला. थांबली असणार. सगुणला ती दिसेना. तो आणखी पुढे सरकला. लाल दगड, दगडावरचे वाळलेले शेवाळ, दगडातून उगवलेला एक पिंपळ, एवढेच दिसत होते. दरडीचा शेवटचा दगड ओलांडल्यावर ती एकदम समोर आली, हात लावता येईल इतकी जवळ, पाठमोरी, हात जोडलेली.

तो तिथेच उभा राहिला. हिवाळाभर त्याने थांबणारी माणसे पाहिली होती ती समोरून. मागून येणाऱ्याला ती कशी दिसतात, हे एकदाही पाहिले नव्हते. खाणीतले ते देवस्थान सरळ रस्त्यावर होते, आजूबाजूला चार टिपर उभे राहतील एवढे मैदान होते. तिथे थांबणे सुरक्षित होते ते जागेमुळे. त्याने थांबणे उचलून आणले आणि जागा तिथेच राहिली.

"काय रे सगुण, मेल्या, भियायलंय मां मी," भाग्यलक्ष्मी वळून म्हणाली. "मागसून भुतासारको काय येतंस?"

"तू जा," तो म्हणाला. "हंय उभी रवां नको. जा."

कृष्णनाथाला घरी आणल्यावर तो भेटायला गेला. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ कदेल, म्हणजे लाकडी खुर्ची, मांडून कृष्णनाथ बसला होता, पाय स्टुलावर. सायकल अंगणात भिंतीला टेकवून ठेवली होती. पुढचे चाक वाकलेले, घंटी मात्र शाबूत. थोडा वेळ बोंडांविषयी, माकडांविषयी बोलणे झाले. मग कृष्णनाथाने आवाज खाली आणला.

"सगुणा, एक इचारू? बरोबर थांबललंय मां मी? पाय टेकललंय. सायकल कडेकच होती. दोनूय हात जोडललंय. काय चुकला नाय मां?"

त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. परीक्षेचा पेपर बरा गेला का, असे मुलाने विचारावे तसे ते विचारणे होते.

"बरोबर, भावोजी," सगुण म्हणाला. "काय चुकला नाय."

कृष्णनाथ मागे टेकला. "मी हिका तेच सांगतंय. मी नेमान थांबललंय. चूक तेची."

सुमंगला त्याला मागच्या दारापर्यंत पोचवायला आली. तिथे, विहिरीच्या काठाशी, ती थांबली.

"येत्या आयताराक तू काय सांगतलंस ता माका कळला," ती म्हणाली. "लहानपणापासून तुजा तोंड वाचतंय मी. सांगू नको, सगुण."

"वळणार थांबणा चुकीचा आसा, बाय. मीच चुकीचा सांगललंय."

"आसात. ह्यो माणूस दिसभर त्या कदेलार बसान येणाऱ्या-जाणाऱ्याक सांगता, मी नेमान थांबललंय. तेवढ्यार जेवता, तेवढ्यार न्हिजता. ता सुदीक काढून घेतलंस तर रवता काय?"

"आणि उद्या थंय भाग्यलक्ष्मी थांबली तर?"

सुमंगलेने विहिरीत पाहिले.

"भाग्यलक्ष्मी तुजी भयण न्हय," ती म्हणाली.

सगुणने एक वाट काढून पाहिली. शंभूकडे जाऊन त्याने दुसरे गाऱ्हाणे घालायची विनंती केली. देवानेच थांबण्यातून मोकळे केले असे झाले, तर भावोजींची चूक निघणार नाही, असे त्याच्या मनात होते. शंभू टेंपोची काच पुसत होता. पुसणे न थांबवता तो म्हणाला, "देवाक एकदा शब्द दिलो, थांबतलो म्हणान. आता परत जावन काय सांगू? सगुणान विचार बदललो?"

"तसा सांग."

"तुका सोपा दिसता. शब्द माज्या तोंडातसून गेलो."

रविवारी मंडप नेहमीपेक्षा भरला होता. सगुणने फळ्यावर वळण काढले. दरड काढली, घुमटी काढली, आणि घुमटीपुढे एक फुली. मग खडू खाली ठेवला.

"हंय थांबललो माणूस मागच्याक दिसत नाय. मी सवता जावन बघलंय. हंय थांबा म्हणान मी सांगललंय, ता चुकीचा सांगललंय. थांबूचाच आसात तर दरड लागायच्या आदी सड्यार मोकळी जागा आसा, थंय थांबा. नायतर थांबू नकात, आणि हात पण उचलू नकात."

मागून एकाने विचारले, "म्हणजे कृष्णनाथ थांबललो ता चुकला?"

फळ्यावरची फुली सगुणच्या खांद्यामागे होती. तो बाजूला झाला नाही.

"चुकला," तो म्हणाला. "तेंची चूक न्हय. पण चुकला."

शंभू उठला. "देवाक आमी सगळ्यांनी मिळान व्हय म्हाराजा म्हटला. तूय म्हटलंस," एवढे बोलून तो गेला. त्याच्यामागून आणखी काही गेले. भाग्यलक्ष्मी बसून राहिली, पण त्या दिवशी तिने एकही टोमणा मारला नाही.

दुपारच्या आत ते शब्द कृष्णनाथाच्या खिडकीपर्यंत पोचले. सगुण गेला तेव्हा तो रस्त्याकडे पाठ करून बसला होता. कदेल फिरवून घेतली होती.

"म्हणजे त्या दिसा तू माका खोटा सांगललंस," कृष्णनाथ म्हणाला.

"व्हय, भावोजी."

कृष्णनाथाने स्टुलावरचा पाय हाताने सरकवला. "तुज्या भयणीन चाय केल्या," तो म्हणाला. "पी आणि जा."

सुमंगलेने कप आणून ठेवला. ती आत गेली आणि तो निघेपर्यंत बाहेर आली नाही.

वर्ग अजून भरतो. माणसे थोडी येतात. वळणाच्या अलीकडे सड्यावरची, म्हणजे कातळाच्या सपाटीवरची, मोकळी जागा सगुणने स्वतः कोयता घेऊन साफ केली. भाग्यलक्ष्मी आणि पोदेर तिथे थांबतात. बाकीच्यांचे हात पूर्वीसारखे चालत्या गाडीवरच उठतात, आणि काही जण शब्द दिला म्हणून घुमटीपुढेच थांबतात. त्यांना सगुण दुकानातून हात हलवून पुढे जायला सांगतो. त्यांना वाटते, तो ओळख दाखवतो आहे. तेही हात हलवतात.

पायाच्या व्यायामासाठी कृष्णनाथाला म्हापशाला न्यावे लागते. दर वेळी टॅक्सी परवडणारी नसल्याने सगुणच, गुडघ्याला पट्टा बांधून, कोणाची तरी व्हॅन मागून आणतो. कृष्णनाथ मागच्या आसनावर पाय लांब करून बसतो, सुमंगला त्याच्याशेजारी. वाटेत लागलेच तर सुमंगला बोलते, आणि ते खिडकीच्या काचेविषयी असते.

पहिल्यांदा असे निघाले तेव्हा दरड जवळ येताच सगुणने वेग कमी केला आणि दोन्ही हातांनी चाक घट्ट धरले. समोरच्या आरशात त्याला मागचे दिसत होते. व्हॅन वळली. घुमटी आली, तिच्यापुढचा सुकलेला झेंडू आला, नव्या वहाणांचा जोड आला. सुमंगलेचा हात मांडीवरून उठला, अर्ध्यावर गेला. तिने नवऱ्याकडे पाहिले. कृष्णनाथ उघड्या डोळ्यांनी समोर पाहत होता, आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर, जिथे होते तिथेच होते.

तिने आपला हात खाली घेतला. घुमटी मागे पडली, रस्ता सरळ झाला, आणि सगुणने गियर बदलला.